पेडणेकरांचे शुक्रवार

शुक्रवार उजाडला की आमच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांत आधी पेडणेकरांची छिन्नी वाजायची. मुंबईला जाणाऱ्यांचा जसा रविवार, तसा आनंदनगरच्या कारखान्यांतल्या माणसांचा शुक्रवार. एमआयडीसीची सुट्टी त्या दिवशी असते. मीही तिथंच एका औषधांच्या कंपनीत डिस्पॅचला आहे. त्यामुळे अंबरनाथ पूर्वेच्या आमच्या त्या चार मजली बिल्डिंगमधली बाकीची माणसं कामावर गेलेली असताना चौथ्या मजल्यावर पेडणेकर आणि मी असे दोघंच नोकरदार घरी सापडायचो. दारं समोरासमोर. मी आठवड्याच्या कपड्यांत बुडालेली आणि ते सिमेंटमध्ये.

उंच, किरकोळ माणूस. प्लास्टिकचे डबे बनवणाऱ्या कारखान्यात सुपरवायझर होते. कामावर जाताना इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, सगळं नीटनेटकं. शुक्रवारी मात्र ओळखू यायचे नाहीत. कारखान्याचा जुना निळा शर्ट, गुडघ्यापर्यंत कापलेली पँट, डोक्याला पंचा आणि डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत बॉलपेनने लिहिलेली मापं. कागदावर लिहिलेलं हरवतं, हात कुठं हरवणार, असं म्हणायचे. त्यांची बायको मंदा एकदा मला म्हणाली, "आंघोळ करतात आणि सगळं पुसून जातं. पुढच्या शुक्रवारी पुन्हा पहिल्यापासून मोजतात."

घर स्वतःच्या हातानं दुरुस्त करायचं त्यांच्या डोक्यात कसं आलं, त्याची गोष्ट ते स्वतःच सांगत. एक कॉन्ट्रॅक्टर घर बघायला आला. तरुण पोरगा, कानात ब्लूटूथ. फोनवर बोलत बोलतच त्यानं सगळं घर पाहिलं, स्वयंपाकघराच्या ओट्याकडे बघून हसला आणि म्हणाला, "काका, हे सगळं तोडूनच टाका." तो ओटा पेडणेकरांनी लग्नानंतर घातलेला. ते म्हणाले, "बरं, कळवतो." त्या रात्रीपासून मोबाइलवर टाइल्स बसवण्याचे व्हिडिओ बघायला लागले. जेवणाच्या सुट्टीत कारखान्यातही बघायचे. त्या व्हिडिओंतले लोक हिंदीत बोलत, म्हणून काम करताना पेडणेकरही हिंदीत बोलायचे, स्वतःशीच. "अब देखिए, मसाला ज्यादा गीला नहीं होना चाहिए." दारापलीकडून ऐकताना वाटायचं, यांच्याकडे कोणी पाहुणा आलाय.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. कोणी विचारलं, भाऊजी, एखादा गवंडी का नाही लावत, तर म्हणायचे, "बिघडवायचंच असेल तर माणूस कशाला लावायचा? आपण आहोत की." आणि हसायचे. सगळे हसायचे. त्यात नम्रता नव्हती, हे तेव्हाही कळायचं. काहीच बिघडणार नाही याची त्यांना खात्री होती, म्हणून ते तसं म्हणू शकायचे.

आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही. वाळू चौथ्या मजल्यावर न्यायची कशी, यावर त्यांनी उपाय काढला होता. खाली जिन्याच्या तोंडाशी ते वाळूच्या छोट्या छोट्या पिशव्या बांधून ठेवायचे. वर चढणाऱ्याला हाक मारायचे, "वर चाललाय का? मग एवढी एक घेऊन जा की." इतकं सहज मागायचे की नाही म्हणता यायचं नाही. शाळेतून आलेली मुलं न्यायची, चव्हाणसर न्यायचे. हे चव्हाणसर म्हणजे निवृत्त शिक्षक, आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. तिसऱ्या मजल्यावरच्या पुष्पाआंटीसुद्धा न्यायच्या. त्या सिंधी, एकट्या राहणाऱ्या. उल्हासनगरला भावाच्या कापडाच्या दुकानात दुपारपर्यंत बसायच्या आणि मग रिक्षानं घरी यायच्या. एका हातात पर्स, दुसऱ्या हातात पेडणेकरांची वाळू. आपल्या मजल्यावर न थांबता एक जिना जास्तीचा चढून ती पिशवी दारात ठेवायच्या आणि म्हणायच्या, "लो भाई, तुम्हारा ताजमहल बन रहा है." पेडणेकर पंचा सोडून त्यांना नमस्कार करायचे.

ओटा झाला. त्याला कित्येक शुक्रवार गेले. तेवढे दिवस मंदा बाल्कनीत शेगडी मांडून स्वयंपाक करत होती. पण झाला तेव्हा खरंच देखणा झाला. टाइल्स त्यांनी उल्हासनगरच्या बाजारात हिंडून, उरलेल्या पेट्यांमधून जुळवून आणलेल्या. अख्ख्या बिल्डिंगला बघायला बोलावलं. प्रत्येकाला भिंतीजवळ उभं करायचे आणि बोटाच्या पेरानं टाइलवर टकटक करायचे. "ऐका. भरीव आवाज आहे ना? मागं सिमेंटचा मसाला पूर्ण बसलाय."

ती टकटक त्यांची सवयच झाली. कुणाच्याही घरी गेले की हात भिंतीकडे जायचा. आमच्याकडे सत्यनारायणाला आले, प्रसाद घेतला आणि बेसिनकडे हात धुवायला गेले. आतून टकटक. बाहेर येऊन मला हळूच म्हणाले, "वहिनी, बेसिनखालच्या दोन पोकळ आहेत." आता त्या टाइल्स आमच्याकडे वर्षानुवर्षं होत्या, कुणाचं काही बिघडलं नव्हतं. पण त्या दिवसापासून भांडी धुताना माझं लक्ष तिकडेच जाऊ लागलं. माझे मिस्टर वैतागून म्हणाले, "हा माणूस सुखानं जगू देणार नाही." बोलले खरे, पण पुढं आमचा कडीकोयंडा निखळला तेव्हा त्यांनाच बोलवायला गेले. आणि पेडणेकर भर दुपारी, जेवणाचं ताट सोडून आले.

मग त्यांनी बाथरूमला हात घातला.

बाथरूमचं काम म्हणजे घरातल्या माणसांची आंघोळ कुठं, हा पहिला प्रश्न. ती सोय आमच्याकडे झाली. मंदा सकाळी लवकर, मी चहा ठेवायच्या आत येऊन जायची. अडचण झाली ती त्यांच्या मुलीची, ऋचाची. ती उल्हासनगरच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती. खांद्यावर टॉवेल टाकून दुसऱ्याच्या दारात उभं राहायचं आणि माझ्या मिस्टरांनी पेपर बाजूला करून "ये, बाळा" म्हणायचं, हे तिला मरणाचं वाटायचं. मी कितीदा म्हटलं, अगं, आपलंच घर आहे. ती मान खाली घालून जायची आणि मान खाली घालून यायची. एकदा त्यांच्या दारातून तिचा आवाज ऐकला, "बाबा, मला लाज वाटते. तुम्हाला कळत कसं नाही?"

पेडणेकरांनी फरशी उखडली, खालचा थर केला, वॉटरप्रूफिंगचा लेप दोनदा दिला. त्यानंतर खरं काम असतं ते वाट बघण्याचं. नहाणीची जाळी बंद करायची, पाणी भरायचं आणि काही दिवस तसंच ठेवायचं. खालच्या छताला ओल येत नाही ना, ते बघायचं. हे मलाही ठाऊक होतं, कारण त्यांनीच कितीदा समजावून सांगितलं होतं. त्याच सुमारास मी माहेरी गेले, भावाच्या मुलाच्या मुंजीला. परत आले तर बाथरूम तयार. पांढऱ्या टाइल्स, निळी पट्टी, चकचकीत. मला बोलावून टकटक ऐकवली. ऋचा दारातून हसत होती. मंदा मात्र चहा ठेवायच्या निमित्तानं आत गेली ती आतच राहिली.

पावसाळ्याच्या तोंडाशी पुष्पाआंटींच्या बाथरूमच्या छताला डाग दिसायला लागला. आधी वाटलं, जुनी बिल्डिंग आहे, व्हायचंच. डाग वाढत गेला. आंटी एकदा वर येऊन पेडणेकरांना म्हणाल्याही, "भाई, जरा देखना." ते खाली जाऊन बघून आले, म्हणाले, "डक्टमधून येतंय." आणि एका सकाळी आंटी आंघोळ करत असताना छताचा गिलावा सुटला. मोठा तुकडा खांद्यावर पडला. हाड मोडलं. आरडाओरडा ऐकून आम्ही बायकांनी दार उघडवलं, चादर गुंडाळून त्यांना बाहेर आणलं. सगळी बिल्डिंग जिन्यात उभी. त्या रडत नव्हत्या. चांगल्या हातानं चादर घट्ट धरून एवढंच म्हणत होत्या, "सब लोग जाओ. नीचे जाओ सब लोग."

हात गळ्यात बांधून आंटी घरी आल्या, तेव्हा चव्हाणसरांनी सगळ्यांना डक्टपाशी जमवलं. डक्ट म्हणजे बिल्डिंगच्या मागची ती अरुंद मोकळी जागा, जिथून सगळे पाइप उतरतात. त्यातला एक पाइप थोड्याच दिवसांपूर्वी किसननं बदलला होता. किसन आमचा नेहमीचा प्लंबर. बारवी धरणाच्या वाटेवरच्या एका पाड्यावरून सायकलनं यायचा. आमच्या बिल्डिंगचं आणि आजूबाजूच्या चारपाच बिल्डिंगांचं सगळं काम त्याच्याकडे. त्यालाही बोलावलं होतं.

पेडणेकरांनी पाइपवर टकटक केली, जशी टाइलवर करायचे तशी. म्हणाले, "सांधा इथला आहे. घाईत केलेलं काम दिसतंय."

किसन म्हणाला, "नाय साहेब. मी बराबर केलाय."

"आणि वरून असेल तर?" चव्हाणसरांनी विचारलं.

"वरचं काम मी स्वतः केलंय," पेडणेकर म्हणाले. "पाणी भरून ठेवलं होतं. थेंब गेला नाही."

एवढंच. आवाज चढवला नाही, किसनला वेडंवाकडं बोलले नाहीत. त्याची गरजच पडली नाही. वर्षभर ज्या माणसाचं काम आम्ही डोळ्यांनी बघत आलो, त्याचा शब्द होता तो. आंटींचा बांधलेला हात समोर होता. कुणीतरी म्हणालं, "बाईचं डोकं फुटलं असतं म्हणजे?" कुणी आणखी काही. किसननं सगळ्यांकडे बघितलं, पान्यांची पिशवी सायकलला लावली आणि गेला. त्याला पुन्हा बोलावायचं नाही असं ठरलं. बाजूच्या बिल्डिंगांनाही कळलं; अशा गोष्टी कळवाव्या लागत नाहीत. काही दिवसांनी त्याची सायकल आमच्या गल्लीत दिसेनाशी झाली.

दुसऱ्या प्लंबरनं तो सांधा पुन्हा केला. आंटींचं छत ओलंच राहिलं.

त्यानंतरच्या एका शुक्रवारी दुपारी मी दार उघडं टाकून तांदूळ निवडत होते. पेडणेकर जिना चढून वर आले आणि स्वतःच्या घरात न जाता माझ्या दारात उभे राहिले. तळहात पुढे केला. त्यावर निळं पाणी होतं.

"वहिनी, नीळ," ते म्हणाले.

मला काही कळेना. मग त्यांनी सांगितलं. सकाळी मंदा आणि ऋचा बाहेर गेल्यावर त्यांनी जाळी बंद केली, बाथरूममध्ये पाणी भरलं आणि त्यात कपड्यांची नीळ कालवली. मग आंटींकडे जाऊन, छत बघतो म्हणून, त्यांच्या बाथरूममध्ये स्टुलावर बसून राहिले. आंटी बाहेर टीव्ही बघत होत्या. बराच वेळ काही झालं नाही. ते उठणार एवढ्यात छताला एक निळा ठिपका दिसला. मोठा झाला. त्यांनी खाली हात धरला.

"आंटींना सांगितलंत?" मी विचारलं.

त्यांनी नाही म्हणून मान हलवली. हात तसाच पुढे धरलेला. मी फडकं आणून दिलं, ते त्यांनी घेतलं, पण हात पुसला नाही. फडकं घेऊनच उभे राहिले. मग म्हणाले, "तुमच्या स्कूटीवर मला किसनच्या पाड्यावर सोडाल का? मला गाडी येत नाही. आणि रिक्षावाल्याला काय सांगू, कुणाकडे जायचंय?"

आम्ही निघालो. मध्ये स्वतःची पिशवी ठेवून, अंग चोरून ते मागं बसले होते. वाटेत त्यांनी मला थांबायला लावलं आणि एका दुकानातून पेढे घेतले. बदलापूर मागं पडलं, रस्त्याला झाडी लागली, तेव्हा मागून बोलायला लागले. समोर बसून हे त्यांना बोलता आलं नसतं, असं मला वाटतं.

"पाणी भरलं होतं हे खरंच आहे, वहिनी. एक रात्र ठेवलं. सकाळी ऋचा टॉवेल घेऊन दारात उभी. तुम्ही माहेरी होतात आणि तुमच्याकडे मिस्टरांचे कोणी पाहुणे आले होते वाटतं, तिला जायचं नव्हतं. रडायला लागली. मंदा म्हणाली, अजून दोन दिवस राहू द्या, मी समजावते तिला. मी म्हटलं, काही होत नाही. आणि सोडून दिलं." त्यांनी मधली पिशवी सारखी केली. "डक्टपाशी बोललो तेव्हा आपण खोटं बोलतोय असं वाटलंच नाही मला. भरलं होतं ना. किती वेळ, ते कुणी विचारलं नाही. पण मला माहीत होतं ना, वहिनी. किसन गेला त्या दिवशीच मला माहीत होतं. नीळ आज टाकली एवढंच."

मी गाडी चालवत राहिले. 

किसनचं घर पाड्याच्या कडेला. तो पडवीत बसून कुंपणाच्या काठ्या तासत होता. आम्हाला बघून उठला नाही. त्याची आई बाहेर आली, तिनं घोंगडी टाकली. पेडणेकर बसले नाहीत. त्यांनी पेढ्यांचा पुडा पुढे केला. म्हातारीनं तो घेतला, उघडून बघितला आणि तिचा चेहरा उजळला.

"पेढे कशाचे?" तिनं विचारलं. "नातू झाला काय?"

 आयुष्यात पेढे कशाकशाला वाटतात, हे त्या क्षणी पेडणेकरांच्या लक्षात आलं असावं. रिकाम्या हातानं कसं जायचं, एवढंच मनात धरून ते घेऊन आले होते. कानाच्या पाळ्यांपर्यंत ते लाल झालेले मी पाहिले. म्हातारी वाट बघत होती. शेवटी किसनच म्हणाला, "आये, तू आत जा."

मग पेडणेकरांनी त्याला सगळं सांगितलं. उभ्या उभ्या, काही न लपवता. नीळ टाकल्याचंही. शेवटी हात जोडले.

किसननं काठी खाली ठेवली. तो आता वांगणीकडच्या एका नर्सरीत कुंड्या उचलायला जात होता. त्याचं त्यानं काही सांगितलं नाही, ते मला नंतर कळलं. तो म्हणाला, "साहेब, तुम्ही बोललात ते सगल्यांसमोर. अन् आता सांगायला आलाव ते मना एकल्याला. मना तर पयलाच माहीत होता."

पेडणेकर म्हणाले, "खरं आहे." आणि वळले. 

संध्याकाळी मंदा माझ्याकडे आली. तिला कळलं होतं. स्वयंपाकघरात माझ्याकडे पाठ करून उभी राहिली आणि म्हणाली, "ते डक्टपाशी बोलत होते ना, तेव्हा मी वर खिडकीत होते. सगळं ऐकू येत होतं. नवऱ्याला खाली कसं पाडायचं, म्हणून मी खिडकी लावून घेतली." मग तिनं बेसिनचा नळ सोडला, तोंडावर पाणी मारलं आणि घरी गेली.

रविवारी संध्याकाळी, कामावरून आल्यावर, चव्हाणसरांना सांगून पेडणेकरांनी सगळ्यांना पार्किंगमध्ये बोलावलं. इस्त्रीचा शर्ट घातला होता. त्यांनी सांगायला सुरुवात केल्यावर चव्हाणसर मध्येच म्हणाले, "पेडणेकर, राहू द्या. झालं ते झालं. आपसात मिटवू."

"सर, बोलू द्या. मी आपसात नव्हतो बोललो."

आणि त्यांनी सांगितलं. पाणी किती वेळ ठेवलं, का सोडलं, डक्टपाशी काय बोलले. ऋचाचं नाव मात्र घेतलं नाही. घाई मला होती, असं म्हणाले. किसनच्या कामात काही खोट नव्हती, असं म्हणाले. मग पुष्पाआंटींकडे वळले. "आंटी, मेरे बाथरूम का रेती आप खुद ऊपर लाके देते थे," एवढं कसंबसं म्हणाले आणि पुढचं त्यांना जमलं नाही. मोठा माणूस सगळ्यांच्या मध्ये असा उभा राहतो, तेव्हा बघणाऱ्यांनाही कुठं बघावं कळत नाही. कुणी मोबाइल काढला, कुणी मुलाला उगाच दटावलं. आंटी उठल्या. बांधलेला हात सांभाळत जिना चढून गेल्या.

आम्हाला वाटलं, संपलं. माणसानं चूक कबूल केली, आणखी काय पाहिजे. पण पेडणेकरांचं संपलं नव्हतं. पुढच्या शुक्रवारी छिन्नीचा आवाज आला नाही. दुपारी ते खाली उतरले आणि बाजूच्या बिल्डिंगमध्ये गेले. मग त्याच्या पुढच्या. जिथं जिथं किसन काम करायचा, तिथं जाऊन ते दार वाजवत आणि सांगत, "मी समोरच्या बिल्डिंगमधला पेडणेकर. तुमच्याकडे किसन प्लंबर यायचा. आमच्याकडची गळती त्याच्यामुळे झाली असं तुम्ही ऐकलं असेल. ती माझ्यामुळे झाली."

लोकांना कळायचंच नाही हा माणूस काय म्हणतोय. शुक्रवारी दुपारी घरात बायका आणि म्हातारी माणसं. एकीला वाटलं, वर्गणी मागायला आलेत. एकीनं अर्धवट ऐकून "आमचं वॉटरप्रूफिंग झालंय" म्हणत दार लावलं. ते पुन्हा बेल वाजवून म्हणाले, "ताई, मला काम नकोय. मी चुकलोय, ते सांगायला आलोय." एका वॉचमननं त्यांना गेटवरच थांबवलं, तर त्यालाच सगळं सांगून आले. गल्लीतली पोरं हसायला लागली होती. ऋचा माझ्याकडे येऊन म्हणाली, "काकू, तुम्ही तरी सांगा ना बाबांना. कॉलेजच्या मैत्रिणी राहतात तिथं." मग खाली बघून म्हणाली, "नको. राहू दे. काही सांगू नका."

किसन परत आला. सगळ्या बिल्डिंगांनी नाही बोलावलं. दोन ठिकाणी तोवर दुसरा माणूस लागला होता, तो राहिलाच. पण आमच्याकडे आला आणि त्याचं पहिलं काम होतं पेडणेकरांचं बाथरूम. ती निळ्या पट्टीची फरशी त्यानं फोडली. पेडणेकर बाहेर खुर्चीवर बसून राहिले. एकदाही आत डोकावले नाहीत, कसं करतोस विचारलं नाही. किसननं पाणी भरलं आणि सांगितलं, "मी सांगीन तवा सोडायचा." तेवढे दिवस ते सगळे आमच्याकडे आंघोळीला येत होते. ऋचाही यायची, खांद्यावर टॉवेल टाकून, आणि माझ्या मिस्टरांशी दोन शब्द बोलून जायची.

राहिलं आंटींचं छत. पेडणेकरांना तिथं जायचा धीर होईना. त्यांनी मला मध्ये घातलं. म्हणाले, "आंटींना विचारा, चांगला कारागीर पाठवू का?"

मी विचारलं. आंटी भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "उसको बोलो, कारीगर नहीं चाहिए. खुद आए."

मग ते शुक्रवार पेडणेकरांनी खालच्या मजल्यावर काढले. सैल झालेला गिलावा काढला, आतलं गंजलेलं लोखंड घासलं, नवा थर दिला, सुकू दिला, रंग दिला. हिंदीत स्वतःशी बोलणं बंद झालं होतं. आंटी दाराजवळ खुर्ची टाकून बसायच्या आणि बघायच्या.  एकदा मी काही द्यायला गेले तर ते स्टुलावर उभे, मान मागं टाकून पुट्टी लावत होते आणि आंटी खालून बोटानं दाखवत होत्या, इथं राहिलंय. ते तिथं लावत होते.

त्यांच्या स्वतःच्या घराचं काम मात्र तिथंच थांबलं. हॉलची एक भिंत अर्धी खरवडलेली होती, ती तशीच राहिली. मंदानं तिच्यापुढे कपाट सरकवलं. टकटक करायची सवयही गेली. आमच्याकडे आले की हात मांडीवर ठेवून बसायचे. माझ्या मिस्टरांना ते बघवायचं नाही. एकदा त्यांनी मुद्दाम विचारलं, "पेडणेकर, बेसिनखालच्या दोन अजून पोकळच आहेत का हो?" पेडणेकर म्हणाले, "मला काय कळतंय त्यातलं."

पुढं ऋचाला नोकरी लागली आणि त्यांनी बदलापूरला जागा घ्यायचं ठरवलं. इथली विकायला काढली. एक तरुण जोडपं घर बघायला आलं, तेव्हा मीही तिथं होते. मंदानं चहाला थांबवलं होतं. मुलगी स्वयंपाकघरात गेली आणि तिला ओटा फार आवडला. टाइल्सवरून हात फिरवत म्हणाली, "काय फिनिशिंग आहे. काका, कुणाकडून करून घेतलंत? आम्हालाही थोडं काम करायचंय."

पेडणेकर म्हणाले, "बाथरूम किसननं केलंय. त्याचा नंबर देतो, त्यालाच बोलवा."

"आणि हे?"

"हे दुसऱ्या एका माणसानं केलंय. त्याला नका बोलवू."

मंदा कप विसळत होती. तिचे हात थांबले. 

सामान गेलं त्या दिवशी शुक्रवारच होता. टेम्पो भरून पुढं निघाला, मंदा आणि ऋचा खाली रिक्षात बसल्या होत्या. पेडणेकर शेवटची पिशवी घेऊन उतरत होते आणि मी त्यांना सोडायला मागोमाग. तिसऱ्या मजल्यावर आंटींचं दार उघडं होतं. त्या दारातच उभ्या होत्या. हात केव्हाच बरा झाला होता, फक्त पूर्ण वर जात नसे.

"देखके जाओ," त्या म्हणाल्या.

पेडणेकरांनी पिशवी भिंतीला टेकवली, चपला काढल्या आणि आत गेले. मी दारातच थांबले. बाथरूमचा दिवा लागला. ते मान वर करून छताकडे बघत उभे राहिले. आंटी त्यांच्या मागं. बराच वेळ गेला. खालून रिक्षावाल्यानं हॉर्न दिला.

"अच्छा है," आंटी म्हणाल्या. "एकदम पहले जैसा."

पेडणेकरांनी बोट वर केलं. "वो कोने में, आंटी. डाग दिसतोय अजून."

आंटींनी चष्मा सारखा करून पाहिलं. मीही दोन पावलं आत जाऊन पाहिलं. पांढरंशुभ्र छत होतं.

"कहाँ? मुझे तो कुछ नहीं दिखता."

"मला दिसतो," पेडणेकर म्हणाले. त्यांनी दिवा बंद केला, बाहेर येऊन चपला घातल्या, पिशवी उचलली आणि जिना उतरून गेले.